आठवा वाटा

आमच्या गावात आखाड लागला की भावकी मिळून बोकड घेते. मुलाणी येऊन सुरी फिरवतो आणि मग मारुतीच्या पाराजवळ पळसाच्या पानांवर वाटे पडतात. जितक्या चुली तितके वाटे. कुणाच्या घरात किती खाणारे आणि कुणाची जमीन किती, हे तिथं कुणी विचारत नाही. प्रत्येक पानावर सगळं थोडं थोडं येतं, मागच्या रानाचं, बरगडीच्या चापेचं, काळजाचा एक काप, दोन नळ्या. तरी डोळा मोठ्या तुकड्यावर जातोच, म्हणून एक जण भिंतीकडे तोंड करून बसतो. दुसरा एकेका पानावर हात ठेवून विचारतो, "ह्यो कुणाचा?" बसलेल्याने मागे न बघता नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघालं त्याने पान उचलायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. नावं घेणाऱ्याचा स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटचा. भिंतीकडे तोंड करून बसायचा मान आमच्याकडे माझ्या थोरल्या भावाचा.

शेतीत माझं मन नव्हतं. मी तरुणपणी नांदेडला जाऊन पाच वर्षं इंजिन दुरुस्तीच्या कारखान्यात हात काळे केले, आणि लग्न झाल्यावर लातूरला येऊन जुनी तेल-इंजिनं, पंप आणि पाइप घ्यायचा-विकायचा धंदा टाकला. घरात वाटणी झाली तेव्हा भांडण झालं नाही, निदान मोठ्याने झालं नाही. त्यानंतरच्या पहिल्या आखाडात मी स्टीलचा डबा घेऊन जळकोटच्या गाडीने गावी गेलो. पारावर सात पानं मांडलेली होती. दादा सात नावं बोलला. सात माणसांनी पानं उचलली, त्यातलं शेवटचं त्याने स्वतः उचललं, आणि मी डबा धरून उभा राहिलो.

"माझा?" मी विचारलं.

"तुझी चूल आता गावात न्हाई," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. उद्या अमावस्या आहे असं सांगावं तसं म्हणाला. "घरी चल, जेवून जा."

जेवायला जाणं मला जमलं असतं का? मी आल्या पावली फिरलो. गाडीत डबा मांडीवर होता. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "काय आणलं गावाकडून?" मी म्हणालो, "हवा."

माझा स्वभाव तापट आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही. गिऱ्हाइकाने पंपाला नुसती टिचकी मारून भाव पाडून मागितला तरी माझं कपाळ तापतं, आणि तरीही सौदा मी माझ्याच भावाने करतो. त्या दिवशी मात्र भावच ठरवता आला नाही. समोरच्याने दुकान बंद करून घेतल्यासारखं झालं. माणूस नुकसान विसरतो, पण असं दारातून परत येणं विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारातून मटण आणलं, परसात तीन विटा मांडल्या, गोदामातल्या लोखंडी सळया घासून घेतल्या आणि कोळसा पेटवला. बायको दारात उभी राहून बघत होती.

"वाटा न्हाई मिळाला म्हून एवढा जाळ?" ती म्हणाली.

"तू मसाला लाव."

"लावते. पण इझवायला माझ्याजवळ पाणी न्हाई हां, आधीच सांगते."

सळयांवर मटण भाजायचं मी नांदेडला बघितलेलं होतं. आमच्या कारखान्यातले म्हातारे मिस्त्री महिन्यातून एकदा, काम कमी असलेल्या दुपारी, भात्याच्या कोळशावर सीक लावायचे. धुतलेल्या सळया, आलं-लसूण, कच्च्या पपईचा गर, मीठ, तिखट. एवढंच. आम्ही पोरं जाळ मोठा करायला फुंकर मारली की ते पाठीत धपका घालायचे. "आग नक्को रे, आंच होना." जाळ नको, धग पाहिजे. तेवढा एकच धडा त्यांनी दिला आणि तोच मी त्या दुपारी विसरलो, कारण डोक्यात आधीच जाळ होता. मटण बाहेरून कोळसा आणि आतून कच्चं निघालं. मी ते रागाने चावत बसलो. बायकोने एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि म्हणाली, "दादांनी वाटा दिला न्हाई ते बरं झालं. त्याची पण हीच गत केली असती तुमी."

मला हसू आलं. राग असताना हसू येणं मला आवडत नाही, पण आलं. आणि पुढच्या रविवारी मी परत विटा मांडल्या.

मग लातूर जिल्हा झाला. ज्याला त्याला ऑफिस पाहिजे, ऑफिसला रस्ता पाहिजे, साहेबाला बंगला आणि बंगल्याला बोअर पाहिजे. माझे पाइप असे खपले की मी शहराबाहेरच्या वस्तीत प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. दोन खोल्या लहान आणि मागचं परस मोठं, असं मीच गवंड्याला सांगितलं होतं. त्याला वाटलं पुढे खोल्या वाढवायच्या असतील. मला भट्टी पाहिजे होती.

रस्त्याकडेला डांबराची रिकामी पिंपं पडलेली असायची. मी त्यातलं एक घासाघीस करून आणलं, उभं चिरलं, आत पऱ्हाट्या घालून तीन दिवस जाळलं, राखेने घासलं. चौथ्या दिवशी त्यात भाजलेलं मटण खाल्लं आणि जिल्ह्याचे सगळे रस्ते जिभेवर आले. ते पिंप भंगारात गेलं. त्यानंतर तेलाच्या मिलमधून गोड्या तेलाचं पिंप मिळवलं. मिलवाला द्यायला तयार नव्हता, मी त्याच्या ऑफिसात दोन वेळा चहा पिऊन तिसऱ्या वेळी उठलोच नाही. ते पिंप आडवं ठेवून वरचा अर्धा भाग बिजागरीने झाकणासारखा बसवला. झाकणाला इंजिनाच्या सायलेन्सरचा तुकडा धुराड्यासारखा जोडला. आत खाली एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला सळयांची जाळी. मटण विस्तवावर नाही, विस्तवाच्या शेजारी. झाकण लावलं की धूर त्याच्या अंगावरून फिरून नळीतून बाहेर जातो. हे मला कुणी शिकवलं नाही. इंजिनात धूर कुठून कुठे जातो हे ज्याला कळतं त्याला एवढं कळायलाच पाहिजे.

तरी एक चूक झाली, आणि ती आमच्याच मुलखातल्या माणसाने करावी अशी होती. कडुनिंबाच्या धुरावर आमचा फार विश्वास. बाळंतिणीच्या खोलीत त्याची धुरी, गोठ्यात त्याची धुरी, धान्याच्या कणगीत त्याचा पाला. म्हणून मी विचार केला, ज्या धुराने घर शुद्ध होतं त्याने मटण केवढं चांगलं होईल. एक अख्खं रान, म्हणजे मागची मांडी, मी सकाळपासून दुपारपर्यंत निंबाच्या लाकडाच्या धुरात ठेवली. रंग असा सुंदर आला की शेजारची पोरं बघायला आली. पहिला घास घेतला आणि बायको उठून चूळ भरायला गेली. कडूजहर.

मी ती मांडी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी नांदेडची गाडी धरली. मिस्त्री आता कामावर जात नव्हते, घरापुढे बाजेवर बसून असायचे. मी पुडकं त्यांच्यापुढे उघडलं. त्यांनी वास घेतला, नखाएवढा तुकडा तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

"ये गोश्त है के दवाखाना?"

"निंबाचं लाकूड वापरलं, चाचा."

"बुखार था क्या बकरे को?" ते म्हणाले, आणि मग इतके हसले की त्यांची सून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. जाताना त्यांनी सांगितलं, ज्या झाडाचं फळ तोंडात गोड लागतं त्याचंच लाकूड घे. इंजिनाची एवढी वर्षं कामं केली, पण याच्याइतका सोपा आणि खरा नियम मला कुणी सांगितला नव्हता.

गोड फळाचं झाड माझ्या भिंतीपलीकडेच होतं. आमचे शेजारी अप्पा, किराणा मालाचे व्यापारी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, घरात लसणाचाही वास मोजून मापून. मी भट्टी लावली त्या पहिल्याच रविवारी ते भिंतीपाशी आले होते.

"इंजनवाले, धूर आमच्या देवघरात येऊन राहिला."

"धुराला मी पत्ता दिलेला नाही, अप्पा."

पुढे आवाज वाढले. मी म्हणालो माझं परस आहे, ते म्हणाले हवा कुणाची आहे. वाद असा अडला की व्यापारी सौदा करतो. ठरलं असं: त्यांनी त्यांच्या भिंतीवर काठीला एक चिंधी बांधायची. चिंधी माझ्या बाजूला उडाली तर मी भट्टी लावायची, त्यांच्या बाजूला उडाली तर नाही. चिंधी कुठल्या रंगाची असावी यावरही आम्ही घासाघीस केली. शेवटी पांढरी ठरली.

दोन वर्षं पाऊस नीट झाला नाही तेव्हा अप्पांच्या परसातला पेरू वाळला. ते झाड तोडणार हे कळल्यावर मी भिंतीपाशी गेलो.

"लाकूड मला द्या."

"कशाला?" त्यांनी विचारलं, आणि लगेच हात वर केला. "नका सांगू. सांगितलं तर देता यायचं न्हाई."

पेरूच्या धुराला जो वास आहे तो शब्दांत सांगता येत नाही. गोडसर, आणि मागून थोडा तुरट. मटणावर तांबूस काळी साय धरते आणि आत सुरी घातली की ती लोण्यात गेल्यासारखी जाते. पाच तास लागतात. त्या पाच तासांत मी कुणावर ओरडत नाही. बायको म्हणायची, भट्टी रोज लावत जा, मटण नसलं तरी चालंल.

पाऊस नसलेल्या त्या वर्षांत टँकरच्या पाण्यावर सगळी वस्ती उभी असायची. रस्सा करायचा तर हंडाभर पाणी, मग तेवढीच भांडी धुवायला. माझ्या भट्टीला पाण्याचा थेंब लागत नव्हता. हे मी बायकोला पटवून दिलं आणि तिला ते इतकं पटलं की तिने स्वतःहून भाकरी भाजून झाल्यावर चुलीत उरलेली निखाऱ्यांची आरही मला भट्टीला आणून द्यायला सुरुवात केली.

आखाड लागला तेव्हा आभाळ जात्यासारखं कोरडं होतं. मी बोकड घ्यायला जनावरांच्या बाजारात गेलो. चारा नव्हता, लोक शेळ्या ओढून आणून विकत होते. दलालाने एक काळा बोकड दाखवला. कान लांब, पाठ सरळ, पण बरगड्या दिसत होत्या. मी दाताला हात लावला, पाठीवर मूठ दाबली, तोंड वाकडं केलं आणि अर्ध्याच्याही खाली मागितलं. दलाल वर चढला, मी निघून गेलो, तो मागे आला. असं तीनदा झालं. माझ्या आयुष्यात मी इतका सफाईने भाव पाडलेला नाही. चौथ्या वेळी दलाल मागे वळून बोकडाच्या मालकाला विचारून आला आणि म्हणाला, "घेऊन जा."

मी पैसे पुढे केले. बाभळीच्या सावलीतून मालक उठला आणि पैसे घ्यायला आला. तो दादा होता.

मग राग आला, अर्थातच. "तू बसून बघत होतास? आधी कामून बोलला न्हाईस?"

"बोललो असतो तर तू भाव वाढवला असतास," दादा म्हणाला. "मग ती भावानं केलेली मदत झाली असती. मला बाजाराचा भाव पायजे होता."

"बाजाराचा न्हाई, मी पाडलेला भाव हाय ह्यो."

"तूच बाजार हायस की आज," तो म्हणाला आणि पैसे न मोजता खिशात घातले.

मी जास्त देऊ लागलो, त्याने घेतले नाहीत. मी दोर परत त्याच्या हातात देऊ लागलो, त्याने तोही घेतला नाही. म्हणाला, यंदा गावात वाटे पडणार नाहीत. विहिरीत पाणी नाही, रस्सा कशात करणार. बायका हंडे घेऊन दिवसभर रांगेत, त्यांना मटण शिजवा म्हणायचं कुणाच्या तोंडाने. हे ऐकताना माझ्या डोक्यात एक गोष्ट अशी लख्ख आली की मला माझीच भीती वाटली.

"भावकी लातूरला आण," मी म्हणालो. "सगळी. माझा टेम्पो पाठवतो. वाटे माझ्या परसात पडतील. पाणी लागत न्हाई मला."

"पाण्याबिगर मटण?"

"ये तर खरं."

घरी येईपर्यंत बेत पक्का झाला होता. गावातल्या चुली सात, माझी एक, मिळून आठ. मी पानं सात मांडणार. दादा भिंतीकडे तोंड करून बसणार. त्याने जर गावातल्याच सात चुलींची नावं घेतली आणि सातवं पान स्वतः घेतलं, तर सगळ्या भावकीच्या डोळ्यांदेखत ठरेल की माझ्या दारात, माझ्या भट्टीवर भाजलेल्यातही त्याने मला वाटा ठेवला नाही. आणि त्याने माझं नाव घेतलं, तर शेवटी त्याला पान उरणार नाही. एका डब्याची हवा मी सहा वर्षं सांभाळून ठेवली होती. दोन्हीकडून माझाच फायदा, असा सौदा रोज मिळत नाही.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "सातच मांडणार?"

"सातच."

"मांडा. मी मसाला लावते." पण मसाला लावताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

रविवारी अप्पांची चिंधी पहाटेपासून माझ्याकडे उडत होती. दादाचा बोकड आणि जोडीला आणखी एक. मोठे तुकडे, हळद-मीठ, पपई, घरचं काळं तिखट. सकाळी आठला झाकण लावलं. दहा वाजता टेम्पो आला आणि त्यातून भावकी उतरली, तीसेक माणसं, बायका-पोरांसह. पिंप बघून सगळे त्याच्याभोवती गोळा झाले.

"ह्यातून धूर निघून राहिला, मटण कुठाय?"

"सायलेन्सर हाय का हे? पिंप चालू हुतं का ह्यानं?"

"किक मारून बग."

चुलत चुलते, आमच्यातले सगळ्यात वयस्क, भट्टीपाशी खुर्ची टाकून बसले आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडायला सांगू लागले. मी दर पाच मिनिटांनी नाही म्हणालो. "तात्या, झाकण उघडलं की धग जाते."

"अरे पण आत बोकड हाय का पळून गेला, ते तरी बगू दे."

बायकांना त्या दिवशी काही काम नव्हतं. भाकरी पहाटेच झाल्या होत्या, कांदा चिरलेला होता. त्या भिंतीच्या सावलीत पाय पसरून बसल्या, आणि दुष्काळात पहिल्यांदाच हंडा सोडून कशावर तरी बोलत हसत होत्या. माझी वहिनी, दादाची बायको, म्हणाली, "गड्यांनी रांधायचं आन् आमी बसायचं. असला दुष्काळ लई दिवस ऱ्हाऊ द्या बाई."

"गडी कशाला रांधतोय," माझी बायको म्हणाली. "पिंप रांधतंय. गडी शेजारी बसून धूर खातोय."

एक वाजता मी झाकण उघडलं. त्या वासाने तात्या खुर्चीवरून उठले. मी रान, चाप, गर्दन, सगळं बाहेर काढून फळीवर ठेवलं, सुरी लावली, आणि पळसाची पानं ओळीने मांडली. सात. काप समान घातले, कारण दुसऱ्या कशातही मी खोटं केलं असतं, वाट्यात नाही.

"भाजलेल्याचे वाटे कधी पडले नव्हते बाबा," तात्या म्हणाले.

"पडतील आता," दादा म्हणाला, आणि रीतीप्रमाणे अप्पांच्या भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसला.

मी पहिल्या पानावर हात ठेवला. "ह्यो कुणाचा?"

"तात्यांचा."

दुसरं. तिसरं. तो गावातल्या चुलींची नावं घेत गेला, सावकाश, रस्त्याने घरं लागतात त्या क्रमाने. माणसं पानं उचलून बाजूला होत गेली. सहा झाली. आता गावातली एकच चूल राहिली होती, त्याची. आणि माझी. मी सातव्या पानावर हात ठेवला. भट्टीजवळ बायको उभी होती, तिचा पदर दातात होता.

"ह्यो कुणाचा?"

"धाकल्याचा," दादा म्हणाला.

थांबला नाही, विचार केला नाही. घरात मला लहानपणापासून हाक हीच, वडील होते तेव्हाही हीच. मी हात पानावर तसाच ठेवून बसलो. सहा वर्षं मी ज्याची वाट बघितली ते एका शब्दात झालं, आणि आता जे व्हायचं होतं ते मीच मांडून ठेवलेलं होतं.

दादा आठव्या प्रश्नाची वाट बघत होता. त्याच्या सदऱ्याची कॉलर उलटी करून शिवलेली होती. मान उन्हाने रापलेली. तो किंचित डुलत होता, जेवायला बसण्याआधी माणूस डुलतो तसा, निर्धास्त. माझ्या मनातल्या चित्रात तो मागे वळायचा आणि त्याचा चेहरा पडायचा. पाठ कधी माझ्या चित्रात आली नव्हती. सगळ्यांचं लक्ष रिकाम्या फळीकडे गेलं होतं. वहिनीने मान खाली घातली.

मी हात उचलला, आणि त्याच पानावर परत ठेवला.

"ह्यो कुणाचा?"

"ऱ्हायला तो माझाच की," दादा म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

वळून त्याने बघितलं. एक पान आणि त्यावर माझा हात. लोकांनी उचललेली पानं त्याने मोजली, माझ्याकडे बघितलं, परत पानाकडे बघितलं.

"एका पानाला दोन धनी झाले बगा," तात्या म्हणाले. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले.

दादा माझ्यासमोर, पानाच्या पलीकडे, येऊन बसला. हळू आवाजात म्हणाला, "सात कामून मांडलेस?"

"मोजण्यात चुकलो."

"तू," तो म्हणाला. "बाजारात बोकडाच्या दाढीचे केस मोजणारा तू. मोजण्यात चुकला."

त्याने पुढे विचारलं नाही. त्या पहिल्या आखाडात आपण चुकलो असं त्याने कधीच कबूल केलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. माझा राग पुरता गेला असंही मी म्हणणार नाही. पण पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि पारावर वाटे पडले तेव्हा आठ पानं पडली, आणि त्याआधी कुणी चूल कुठे आहे हे विचारलं नाही.

दादाने पानातला सगळ्यात मोठा तुकडा, रानाचा, बोटांनी उचलला. "हे माझं."

"मग चाप सगळी माझी."

"चाप निम्मी. काळीज तू घे."

"रान तुला, आन् मला काळजाचे दोन काप आन् निम्मी चाप, ह्यो कुठला हिशोब?"

"रान मी घेतलं न्हवं. रानाच्या मागं नळी जाते, नळीच्या मागं चाप." तो बोलत होता आणि खात होता. मी चापेवर बोट ठेवलं, त्याने ते सहज बाजूला सारलं. मी दोन नळ्यांवर उतरलो, त्याने एक दिली. मी कांद्याची फोड मध्ये घातली, त्याने ती खाऊन टाकली आणि ती सौद्यात धरली नाही. दलालाच्या आड बसलेल्या माणसाला घासाघीस येत नसते असं मी धरून चाललो होतो. बायका जेवायच्या थांबून आमच्याकडे बघत होत्या. माझी बायको म्हणाली, "भेटला यांना कुणीतरी."

शेवटी माझ्या बाजूला एक नळी, काळीज आणि गर्दनीचे तुकडे राहिले. दादाने गर्दनीकडे बघून नाक मुरडलं. "हाडंच हायेत ती सगळी, घे तुला."

मी पडेल चेहऱ्याने ती ओढून घेतली. पाच तास धुरात राहिलं की गर्दनीचं मटण हाडावरून आपोआप सुटतं आणि त्याच्याइतका गोड घास अख्ख्या बोकडात नसतो. हे मला तीन-चार वर्षांच्या रविवारांनी शिकवलं होतं. दादाला ते मी आजपर्यंत सांगितलेलं नाही.